पूर्वपक्षाशिवाय परिचय



आजच्या व्याख्यानाचा विषय 'हिंदू तत्त्वज्ञानाच्या मूलभूत कल्पना' असा जाहीर झाला आहे. त्या कल्पनांबद्दल बोलायचंच आहे, पण जरा वेगळ्या वाटेनं. सामान्य वाचकाला या कल्पनांचा परिचय करून देणारी जी पुस्तकं, लेखमाला, ध्वनिफिती आज आपल्यासमोर आहेत, त्यांची परीक्षा करत करत मी त्या कल्पनांकडे येणार आहे. ही एक प्रकारची समीक्षा आहे असं समजा. कोणा एका लेखकावर ती नाही. लिहिण्याच्या एका पद्धतीवर आहे.

ही पद्धत तुमच्या ओळखीची आहे. पहिलं प्रकरण वेद आणि उपनिषदं. मग आत्मा, ब्रह्म, माया, कर्म, पुनर्जन्म, मोक्ष; प्रत्येकाला तीन-चार पानं. मग सहा दर्शनांचा एक तक्ता. शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: मार्ग वेगळे असले तरी सर्वांना जायचं एकाच ठिकाणी आहे. यातली माहिती बहुतेक वेळा चुकीची नसते. व्याख्या बरोबर असतात, नावं बरोबर असतात. तरी अशी दहा पुस्तकं वाचलेला माणूस, 'कर्मसिद्धांत का मानायचा?' एवढा एक प्रश्न विचारला की गप्प होतो. किंवा चिडतो.

असं का होतं? माझं उत्तर असं आहे की ही पुस्तकं आपल्याला उत्तरं देतात, पण ती उत्तरं ज्या प्रश्नांना दिली होती ते प्रश्न गाळून टाकतात. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर सिद्धांत ठेवतात आणि पूर्वपक्ष काढून टाकतात.

पूर्वपक्ष हा शब्द आधी समजून घेऊ. मीमांसा आणि वेदान्त यांचे ग्रंथ अधिकरणांत विभागलेले असतात. एका अधिकरणात आधी विषय येतो, मग त्याबद्दलचा संशय, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतर सिद्धांत. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं. पण ते मांडायचं कोणी? खुद्द ग्रंथकारानं. आणि ते असं मांडायचं की समोरचा माणूस ऐकत असेल तर त्यानं मान डोलवावी की हो, मला हेच म्हणायचं होतं. पुष्कळदा भाष्याचं पान मधूनच उघडलं तर नवख्या विद्यार्थ्याला कळतच नाही, की हे आचार्यांचं मत आहे की आचार्य ज्याला खोडून काढणार आहेत त्याचं. मी शिकवत असताना हा गोंधळ दरवर्षी व्हायचा, आणि मला तो फार आवडायचा. कारण त्या विद्यार्थ्याला समोरच्याचं म्हणणं पटलेलं असायचं! पूर्वपक्ष पटल्याशिवाय सिद्धांताची किंमत कळत नाही.

आता तीन उदाहरणं घेतो.

पहिलं उदाहरण कर्माचं. परिचयपर पुस्तकात वाक्य असतं: जसं कराल तसं भराल, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी. एवढं वाचून माणूस घरी जातो. शेजारच्या घरात लहान मुलाला मोठा आजार होतो, आणि हा माणूस त्या मुलाच्या आईला सांगतो, 'पूर्वजन्मीचं काहीतरी असणार हो.' त्याला वाटतं आपण सांत्वन केलं. त्या बाईला काय वाटत असेल याची कल्पना करा.

आता हीच कल्पना ब्रह्मसूत्रात कुठे येते ते पाहा. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक आक्षेप आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, तुम्ही सांगता की ईश्वरानं जग निर्माण केलं. मग कोणी सुखात लोळतो आणि कोणी जन्मभर कष्ट उपसतो, हे कसं? एक तर तुमचा ईश्वर पक्षपाती आहे, नाही तर निर्दय आहे. सूत्रकारांनी यासाठी दोन शब्द वापरले आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य. विषमता आणि निर्दयपणा. या आरोपाला उत्तर म्हणून कर्म येतं: ईश्वर मनाला येईल तसं वाटप करत नाही, तो जीवांच्या कर्माच्या अपेक्षेनं करतो. आक्षेपक इथे थांबत नाही. तो विचारतो, अगदी सुरुवातीला तर कोणाचंच कर्म नव्हतं; मग पहिली विषमता कुठून आली? त्यावर उत्तर येतं की संसाराला सुरुवातच नाही, तो अनादी आहे.

हे उत्तर तुम्हाला पटो अथवा न पटो, त्याची जागा लक्षात घ्या. जगात दुःखाची वाटणी इतकी असमान का, या भयंकर प्रश्नाशी झुंजताना ही कल्पना पुढे आली आहे. आरोप ईश्वरावर आहे आणि बचाव ईश्वराचा चालला आहे. शेजारच्या आजारी मुलाचं निदान करण्याचं ते साधन नाही. प्रश्न गाळला आणि उत्तर तेवढं ठेवलं, की आरोपी बदलतो. ईश्वरावरचा आरोप त्या आईवर येऊन पडतो.

दुसरीही गोष्ट. या प्रश्नावर परंपरेत एकमत नव्हतं. कुमारिल भट्ट हे मीमांसक, वेदांचे कट्टर समर्थक. श्लोकवार्तिकात ते जगाचा कर्ता मानणाऱ्यांना विचारतात, त्यानं निर्मिती कशासाठी केली? करुणेनं म्हणाल, तर निर्मितीपूर्वी करुणा करण्याजोगा जीवच कुठे होता? आणि करुणाच असती तर त्यानं फक्त सुखच निर्माण केलं असतं. हे म्हणणारा माणूस आस्तिक दर्शनाचा आचार्य आहे. आज मराठीत आपण आस्तिक म्हणजे देव मानणारा आणि नास्तिक म्हणजे देव न मानणारा असं समजतो. दर्शनांच्या वर्गीकरणात कसोटी वेदप्रामाण्याची आहे. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारी मीमांसा आस्तिक, आणि ईश्वराचा आधार न घेता विश्वाची मांडणी करणारं सांख्यकारिकेतलं सांख्यही आस्तिकच. तक्त्यात ही माहिती असते. पण तिचा अर्थ काय, हे सांगायला कोणी थांबत नाही.

आणि हा वाद जुन्या काळी संपलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वजन्मीच्या कर्मानं आजच्या दैन्याचा खुलासा करण्यावर त्यात थेट हल्ला आहे. गरीब आणि दलित यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. कर्मसिद्धांताचा परिचय आज लिहायचा तर हा पूर्वपक्ष त्यात यायलाच हवा. तो मांडून मग त्याला उत्तर द्या, किंवा तो मान्य करा. पण तो नाहीच असं दाखवून लिहिलेला परिचय अपुरा नाही, अप्रामाणिक आहे.

दुसरं उदाहरण मायेचं. 'शंकराचार्य म्हणतात जग खोटं आहे' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल! त्याबरोबर दोरी आणि साप येतातच. अंधारात दोरीवर साप भासतो, उजेड आला की साप जातो. तसं हे जग. गोष्ट संपली.

पण शंकराचार्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, बाह्य वस्तू नाहीतच, फक्त विज्ञान आहे, असं म्हणणाऱ्या बौद्धांचं त्यांनी खंडन केलं आहे. तिथे ते म्हणतात की खांब, भिंत, घट, वस्त्र हे आपल्याला बाहेर दिसतात. जे दिसतं ते नाही असं म्हणता येत नाही. आता बघा, जग खोटं म्हणणारे हेच आचार्य, आणि बाह्य जगाचा बचाव करणारेही हेच. याचा मेळ कसा घालायचा? घालता येतो. दोरीवरच्या सापाची सत्ता वेगळी, त्या दोरीची वेगळी आणि ब्रह्माची वेगळी. प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक हे शब्द वेदान्ती त्यासाठी वापरतात. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहारातला खांब हा खांबच आहे, आणि त्यावर डोकं आपटलं तर टेंगूळ येणार. अद्वैत हे जगाला स्वप्न म्हणून झटकून टाकणं नव्हे, हे समजायला बौद्धांचा पूर्वपक्ष वाचावा लागतो.

मग पुढचा पक्ष येतो. रामानुजाचार्य श्रीभाष्यात अविद्येवर सात प्रकारच्या अनुपपत्ती दाखवतात. त्यातली पहिलीच फार सोपी आणि फार अवघड आहे. ही अविद्या राहते कुठे? ब्रह्मात म्हणाल तर ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे, तिथे अज्ञानाला जागा नाही. जीवात म्हणाल तर जीव हा जीव म्हणून वेगळा झाला तोच अविद्येमुळे; मग अविद्येच्या आधी तो होता कुठे? अद्वैत्यांनी याला उत्तरं दिली, एक नव्हे अनेक. भामतीकार वाचस्पती मिश्र जीवाकडे झुकले, विवरणकार प्रकाशात्मा ब्रह्माकडे. म्हणजे एका अद्वैताच्या पोटात दोन परंपरा उभ्या राहिल्या.

मराठी वाचकाला तर यासाठी दूर जायला नको. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचं सातवं प्रकरण 'अज्ञानखंडन' या नावानं ओळखलं जातं, आणि त्या ग्रंथातलं ते सर्वांत मोठं प्रकरण आहे. अज्ञान म्हणून काही आहे असं मानणंच कसं उभं राहत नाही, याचा तिथे ओवीमागून ओवी युक्तिवाद चालतो. जग हा अज्ञानाचा पसारा नसून चैतन्याचाच विलास आहे, असा त्याचा रोख आहे. आपण ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हणतो, आणि त्या शब्दातल्या मायेत त्यांचं तर्ककठोर रूप विसरून जातो. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर दोघेही अद्वैती, म्हणून दोघांचं म्हणणं एकच, असं लिहून मोकळं होणारं पुस्तक मराठी वाचकाच्या हातातलं घरचंच धन काढून घेतं.

तिसरं उदाहरण त्या शेवटच्या वाक्याचं, की सर्व दर्शनं अखेरीस एकच सांगतात.

सांख्यांचा आंधळा आणि पांगळा सर्वांना ठाऊक आहे. प्रकृती आंधळी, पण चालू शकणारी. पुरुष पांगळा, पण पाहू शकणारा. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघं वाट काढतात. तसा प्रकृती-पुरुषांचा संयोग. सोपी गोष्ट म्हणून प्रत्येक पुस्तकात ती येते. पण वेदान्त्यांनी तिच्यावर काय म्हटलं, ते येत नाही. ते म्हणतात, पांगळा निदान तोंडानं 'डावीकडे वळ' असं सांगतो तरी; तुमचा पुरुष तर उदासीन आणि निष्क्रिय, तो प्रकृतीला काय सांगणार? दृष्टान्तच तुमच्यावर उलटतो. उलट सांख्यही वेदान्त्याला सोडत नाही. तो म्हणतो, सर्वांचा आत्मा एकच असेल तर एक जन्मला की सगळे जन्मायला हवेत, एक मेला की सगळे मरायला हवेत. तसं होत नाही, म्हणून पुरुष अनेक. हा युक्तिवाद समजायला संस्कृत यावं लागत नाही. चौथीतल्या मुलालाही तो कळतो, आणि थोर पंडितालाही त्याचं उत्तर देताना घाम फुटतो. शंकराचार्य सांख्याला आपला प्रधानमल्ल मानतात, म्हणजे मुख्य पैलवान. त्याला चीत केलं की बाकीचे आपोआप हरले. कुस्तीत ज्याला प्रधानमल्ल म्हटलं, तो आपल्याच तालमीचा असल्यासारखं दाखवायचं, यात ना त्याचा मान राहतो ना जिंकणाऱ्याचा.

एकाच प्रश्नाचा प्रवास सांगतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचं ठरलेलं अनुमान. स्वयंपाकघरात आपण दोन्ही एकत्र पाहिलेले असतात. आता आपल्या घरी गॅस आला. अग्नी आहे पण धूर नाही. त्यानं नैयायिकाचं काही बिघडत नाही. धूर तिथे अग्नी एवढंच तो म्हणतो. अग्नी तिथे धूर असं तो म्हणतच नाही, आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण त्यानं त्यासाठी आधीच देऊन ठेवलं आहे. पण चार्वाक विचारतो, तुम्ही पाहिलेल्या स्वयंपाकघरांचं ठीक आहे. न पाहिलेल्या, काल होऊन गेलेल्या, उद्या होणाऱ्या सगळ्या धुरांबद्दल तुम्ही कशावरून बोलता? डोळ्यांनी ते दिसत नाहीत. अनुमानानं म्हणाल तर त्या अनुमानाला दुसरं अनुमान लागेल. यावर उदयनाचार्य न्यायकुसुमांजलीत म्हणतात की शंकेलाही मर्यादा आहे. शंका घेणारा स्वतः भूक लागली की जेवतोच, धूर हवा असेल तर अग्नी पेटवतोच. त्याची कृती त्याच्या शंकेला खोटं पाडते. मग बाराव्या शतकात श्रीहर्ष येतो. तो अद्वैती. उदयनांचाच श्लोक घेऊन, त्यातले थोडे शब्द फिरवून, तो तो त्यांच्यावर उलटवतो: कृतीशी विरोध येतो म्हणता, तर तो विरोध येण्यासाठी आधी शंका असायला हवी, मग शंका संपली कुठे? आणि त्यानंतर गंगेश उपाध्याय तत्त्वचिंतामणीत श्रीहर्षाला उत्तर देतात.

पाहा, इथे एक अद्वैती परिणामी चार्वाकाच्या बाजूनं उभा आहे आणि एक ईश्वरवादी नैयायिक व्यवहाराच्या बाजूनं. कित्येक पिढ्या हा एक प्रश्न हातोहात चालत आला. त्याला 'सर्व एकच सांगतात' असं म्हणणं म्हणजे ही सगळी माणसं उगीच भांडत होती असं म्हणणं. हे त्यांच्या गौरवासाठी म्हटलं जातं, पण त्यात त्यांचा अपमान आहे.

आता कोणी म्हणेल, सर, जुने परिचयग्रंथ तरी असे होते का? होते. आठव्या शतकातले जैन आचार्य हरिभद्रसूरी यांचा षड्दर्शनसमुच्चय ८७ श्लोकांचा आहे. त्यातली सहा दर्शनं ऐकली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल: बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय. वेदान्ताचं वेगळं नाव नाही. आणि न्याय-वैशेषिक एकच मानले तर सहावं दर्शन म्हणून लोकायत घ्या, असंही ते सांगतात. म्हणजे 'षड्दर्शनं' ही यादीसुद्धा वादातीत नाही.

दुसरा चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२४ साली वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या संस्कृत टीकेसह त्याची आवृत्ती काढली, ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. सोळा दर्शनांचा हा ग्रंथ. पाणिनीचं व्याकरण त्यात दर्शन म्हणून येतं, पाऱ्याच्या रसायनानं देह अमर करू पाहणारं रसेश्वर दर्शनही येतं. सुरुवात होते ती चार्वाकापासून. अनुमानावरचा जो आक्षेप मी आत्ता सांगितला, तो वेदान्ती माधवाचार्यांनी तपशीलवार लिहून ठेवला आहे. चार्वाकांचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या वह्यांतून. या ग्रंथातही दोष आहे. दर्शनं पायऱ्यांसारखी रचली आहेत, खाली चार्वाक आणि शिखरावर शांकर दर्शन. वाचकाला वाटतं की वर चढत जायचं आणि खालची पायरी विसरायची. आजच्या पुस्तकांनी माधवाचार्यांकडून ही शिडी घेतली, आणि त्यांनी खालच्या पायरीला दिलेला मान तेवढा टाकून दिला.

एका आक्षेपाचं उत्तर देऊन थांबतो, नाही तर मीच पूर्वपक्ष गाळला असं व्हायचं. तो आक्षेप असा: हे सगळं पंडितांसाठी ठीक आहे. सामान्य माणसाला शांती हवी असते, वाद नको असतो. आणि दर्शन म्हणजे अनुभव. तर्कानं का ब्रह्म मिळतं?

या म्हणण्यात तथ्य आहे. कोरडी वितंडा वेगळी आणि वाद वेगळा, हे न्यायशास्त्रानंच सांगितलं आहे. वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे तीन प्रकार त्यानं केले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं मोडायचं ती वितंडा. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर आपण काय पाहतो ते तुम्हीच ठरवा. पण अनुभवाचं म्हणाल, तर याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगताना श्रवण आणि निदिध्यासन यांच्यामध्ये मनन ठेवलं आहे. मनन म्हणजे ऐकलेल्यावर शंका घेऊन, युक्तीनं ती शंका फेडणं. आजचे परिचय श्रवणावरून एकदम शांतीवर उडी मारतात. आणि सामान्य माणसाला वाद झेपत नाही, हे मला मान्य नाही. वारीत, कीर्तनात, शेतीच्या बांधावर आपली माणसं नेमके हेच प्रश्न विचारतात: देव आहे तर हे असं का? मेल्यावर काय? माझं नशीब की माझी चूक? प्रश्न त्याच्यापाशी आहेतच. आपण त्याला सांगत नाही, की तुझाच प्रश्न हजार-दीड हजार वर्षांपूर्वी मोठमोठ्या आचार्यांनी गंभीरपणे मांडला होता.

आणि हे आपल्या काळातही जमतं. १९८३ साली पुण्यात एक संवाद झाला. तत्त्वज्ञ दयाकृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांचे सहकारी यांनी एका बाजूला पारंपरिक नैयायिक पंडित आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना एकत्र बसवलं. विषय होता बर्ट्रांड रसेलचा विधानांविषयीचा सिद्धांत. तो संस्कृतात मांडून शास्त्रीबोवांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी त्याची परीक्षा केली. रसेल त्यांच्यासाठी पूर्वपक्ष झाला. परंपरा जिवंत असते ती अशी.

तेव्हा यापुढे या विषयावरचं कोणतंही पुस्तक हातात घेतलंत, तर तीन गोष्टी तपासून पाहा. ही कल्पना कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आली, हे पुस्तकात आहे का? ती कोणी नाकारली आणि का, हे त्याच्या बाजूनं मांडलं आहे का? आणि ते वाचताना एकदा तरी तुम्हाला समोरच्याचं म्हणणं पटलं का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर पुस्तक टाकून देऊ नका. त्याच्या समासात पेन्सिलीनं पूर्वपक्ष तुम्ही लिहा. आणि पुढच्या वेळी कोणाच्या घरच्या दुःखावर कर्माचं वाक्य ओठावर आलं, तर त्या सूत्रातला मूळ प्रश्न आठवून जरा थांबा.

आता तुमच्या शंका घेऊ. त्याशिवाय हे व्याख्यान पुरं होणार नाही.